माणसं दोन

१

विभागात तिला सगळे आहेबाई म्हणत, आणि त्यात कुणाचा खोडसाळपणा नव्हता. दिवसभर ती तेवढंच तर बोलायची.

हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफेत तापवून, कापडात बांधून पुन्हा वर पाठवतात. तिथे तिची एकवीस वर्षं गेली होती. स्टीलच्या लांब टेबलाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तिची जोडीदारीण. जोडीदारणीला रेडिओ म्हणत, कारण ती सकाळी आठला सुरू व्हायची ती चारला बंद. रेडिओच्या हातात कार्ड आणि पेन्सिल, आहेबाईच्या पुढ्यात ट्रे. रेडिओ वाचणार, “सरळ कात्री, दोन.” आहेबाई बोटांनी चाचपून म्हणणार, “आहे.” रेडिओ खूण करणार. “वाकडे चिमटे, सहा.” “आहे.” वस्तू एक असो की वीस, आहेबाईचा शब्द तोच. “हिला हत्ती एक म्हटलं ना, तरी आहे म्हणेल,” असं रेडिओ वर्षातून दहादा म्हणायची आणि दहाही वेळा स्वतःच हसायची.

नियम एकच होता आणि तो कडक होता. वाचणारीने ट्रेकडे बघायचं नाही, मोजणारीने कार्डाकडे बघायचं नाही. कारणही साधं होतं. कार्ड वाचलेल्या डोळ्यांना ट्रेमध्ये नसलेली वस्तूसुद्धा दिसायला लागते, विशेषतः माणूस दमलेला असला की. ट्रे बांधून वर टेप लागली की तो उघडायचा नाही. मग टेबलावर काही उरलंय का ते बघायचं, आणि कार्डाच्या तळाशी ‘शिल्लक’ असं छापलेलं असतं त्यापुढे लिहायचं. उरलेली वस्तू मुकाट्याने मांडणीवर परत.

आणि आहेबाई दमलेली होती. आजकालची नाही, चांगली नऊ वर्षांची दमलेली. नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्या मागच्या खोलीत पडून होत्या. चारला विभागातून सुटलं की दुसरी पाळी घरी सुरू. उठवायचं, पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं. आणि दर पाच मिनिटांनी आतून हाक यायची, “आहेस का गं?” त्यांना बाकी काही नको असायचं, फक्त कुणीतरी आहे एवढं कळायला हवं असायचं. आहेबाई जिथे असेल तिथून ओरडायची, “आहे.” अशा रीतीने चोवीस तासांतले जागे तास ती हजेरी देत होती म्हणायला हरकत नाही.

त्यात एक दिवस डॉक्टरांच्या खोलीतलं जुनं मासिक रद्दीबरोबर खाली आलं.

२

मासिकात एका गावाचा फोटो होता. समुद्र आणि गाव यांच्या मधोमध वाळूची लांबलचक पट्टी, आणि पट्टीच्या आत अडकून राहिलेलं खारं पाणी. कोसभर पसरलेलं, पण लाट म्हणून नाही. काठाला लाकडी धक्का, सपाट बुडाच्या होड्या, पाण्याकडे तोंड केलेले व्हरांडे. पलीकडे समुद्र आदळत असेल तो असो बापडा. अलीकडचं पाणी कुणाला काही विचारत नव्हतं.

तिने ते पान फाडून घरी नेलं. नवरा मीटर-रीडर होता. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून त्याची कंबर कामातून गेली होती. त्याने पान बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “जाऊ या.” इतक्या सरळ तो कधीच काही म्हणत नसे. तिला रडूच यायला लागलं, मग तिने कांदा चिरायला घेतला.

रजा मंजूर झाली, चार दिवसांची. सासूबाईंजवळ राहायला नणंद येते म्हणाली. नवऱ्याने पेन्सिल कानावर ठेवून बेत आखायला घेतला. पहिल्या दिवशी होडी, दुसऱ्या दिवशी पक्ष्यांचं बेट, तिसऱ्या दिवशी दीपगृह.

“दोनशे बारा पायऱ्या आहेत म्हणे,” तो म्हणाला.

“तुम्ही चढा. मी खालून हात हलवते.”

“अगं, मग येऊन करायचं काय?”

“बसायचं.”

“चार दिवस बसायचं?”

“नऊ वर्षं उभी आहे,” ती म्हणाली. त्याने दीपगृहापुढे कंसात ‘मी एकटा’ असं लिहिलं.

ती खोटं बोलत नव्हती. तिने मनात सगळं योजून ठेवलं होतं. पाण्याकडे तोंड केलेली वेताची खुर्ची, पायाखाली एक बुटकं स्टूल, आणि सकाळी नवाच्या आत कुणी हाक मारायची नाही. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, रेडिओलाही नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की त्यांचा विचका होतो, असा तिचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने लॉजवर फोन लावला. फोन एका बाईने उचलला, आवाज जरा घोगरा, मायाळू.

“खोली हवी होती,” आहेबाई म्हणाली. “अठरा तारखेपासून चार दिवस.”

“अहो, झालं ना काल आपलं बोलणं,” लॉजवाली हसून म्हणाली. “तळ्याकडची खोली ठेवली आहे. वेताची खुर्ची आहे, स्टूलही काढून ठेवलंय तुमच्यासाठी. आणि काळजी करू नका, नवाच्या आत कुणी उठवणार नाही.”

आहेबाईच्या हातातला घास हातातच राहिला. “काल मी फोन केला होता?”

“तुम्हीच की. आवाज ओळखते मी, बाई. फक्त काल जरा खुशीत वाटलात.”

तिने फोन ठेवला आणि डबा बंद केला. काल? काल ती चारला घरी गेली, आईंची चादर बदलली, कुकर लावला. फोन केलेला आठवत नव्हता. पण मग काल भाजीत मीठ घातलेलं तरी कुठे आठवत होतं, दोनदा पडलं होतं. दमलेल्या माणसाचं डोकं म्हणजे फुटकं मडकं, तिने स्वतःला समजावलं. फोन केला असेल. केलाच असणार, नाहीतर खुर्चीचं त्या बाईला कोण सांगणार? पुन्हा काम सुरू झालं. रेडिओ वाचत होती, ती आहे म्हणत होती. त्या दिवशी एक ट्रे तिने दोनदा मोजला.

३

चारच्या पुढे घरी पोचून तिने सवयीने मागच्या खोलीत डोकावलं. “आले हं आई. चादर बदलू या.”

सासूबाईंनी मान वळवली. त्यांचं निम्मं तोंड हलायचं नाही, त्यामुळे शब्द एका बाजूने घरंगळत यायचे, पण आहेबाईला ते स्पष्ट कळत. “पुन्हा?” त्या म्हणाल्या.

“पुन्हा म्हणजे?”

“मघाशी तर बदललीस.”

तिने पांघरूण वर केलं. चादर खरंच कोरडी होती, धुतलेली होती, आणि तिचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचलेले होते. ही घडी हॉस्पिटलातली. घरात दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. नवऱ्याला स्वतःच्या रुमालाची घडी जमायची नाही. दिवसा सासूबाईंकडे बघायला समोरची शेजारीण येऊन जायची, पण ती पाणी पाजून जायची, चादरीला हात लावायची नाही.

“शेजारच्या आल्या होत्या का?”

“तूच आली होतीस,” सासूबाई म्हणाल्या. “पाठ चोळलीस. हात गरम होते.”

आहेबाईने आपले हात बघितले. तळघरात दिवसभर थंड स्टील हाताळून ते कायम गारठलेले असायचे. आपल्या आईला ते हात लागले की ती दचकते, असं नवरासुद्धा म्हणायचा.

“मघाची बरी होती,” सासूबाई पुढे म्हणाल्या, जणू एखाद्या नर्सबद्दल बोलत होत्या. “हसत होती. तू हसत नाहीस.”

आता याला काय म्हणायचं? म्हातारं माणूस, मेंदूला मार बसलेला, काल-आजचा हिशेब लागत नाही. स्वप्न पडलं असेल. चादर सकाळी आपणच बदलून गेलो असू आणि विसरलो असू. हे पटण्यासारखं होतं आणि तिने ते पटवून घेतलं. फक्त सासूबाईंना वळवताना तिच्या लक्षात आलं की पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला उशा लावून ठेवल्या आहेत. त्या बाजूचा कठडा मोडून वर्ष झालं होतं, आणि आईंना त्या कुशीवर घेतलं की एक हात त्यांच्या खांद्यावर, एक कमरेवर ठेवून धरून राहावं लागे, नाहीतर त्या पलंग आणि भिंत यांच्या फटीत घसरायच्या. तिथे उशा लावाव्यात असं तिच्या बरेच दिवस मनात होतं. वेळ झाला नव्हता.

तिने उशा काढून पुन्हा कपाटात ठेवल्या. का काढल्या हे तिला स्वतःला सांगता आलं नसतं.

४

सोळा तारखेला नणंदेचा फोन आला.

“अगं, माझा गुडघा,” नणंद म्हणाली.

आहेबाईने डोळे मिटले. नणंदेचा गुडघा हा घरातला जुना पाहुणा होता. लग्नकार्य, आजारपण, घर बदलणं, काहीही निघालं की तो हजर.

“काय झालं ताई?”

“सुजलाय. म्हणजे मी येणार, येणार नाही असं नाही म्हणत. पण अगदीच नाही जमलं, तर तुमचं तुम्ही बघून ठेवा हो. आईला एकटं टाकून काही जाता येणार नाही. कुणीतरी मागे राहायलाच हवं.”

“हो,” आहेबाई म्हणाली.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता, एक बूट हातात तसाच राहिला. “मी राहतो मग. तू जा,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला होता, पण ते होण्यातलं नव्हतं. आपल्या आईला पुसणं त्याच्या हातून झालं नसतं, आणि आईंनी ते होऊ दिलं नसतं. दोघांनाही हे ठाऊक होतं.

“बघू, काहीतरी होईल,” तो म्हणाला.

काहीतरी होईल. नऊ वर्षं हेच ऐकत आली होती ती. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि भिजलेल्या चादरी पिळायला लागली. पिळता पिळता तिला असा संताप आला की मनगटं दुखेपर्यंत तिने चादर पिळली. तिचं कुणावर प्रेम नव्हतं अशातला भाग नाही. आईंचं करण्यात तिने कधी हयगय केली नाही. पण एकदा, फक्त एकदा, तिला कुणाच्या हाकेला उत्तर न देता बसायचं होतं. हे मिळालं नाही तर आपण आतून विझून जाऊ, अशी तिला खरीखुरी भीती वाटत होती.

“या वेळी मी जाणार म्हणजे जाणार,” ती भिंतीला म्हणाली. “मागे राहायला दुसरी बघा कुणीतरी.”

नळाचं पाणी बादलीत पडत होतं. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं, आणि पलीकडे, पॅसेजमध्ये, कुणीतरी पाय न वाजवता उभं आहे असं तिला वाटलं. तिने नळ बंद केला. तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली, “आहेस का गं?”

आणि तिने तोंड उघडायच्या आत उत्तर गेलं. “आहे.”

पॅसेज रिकामा होता. नवरा बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होता. तिने ओल्या हाताने स्वतःचा गळा चाचपला. आपणच बोललो असणार. एवढ्या वेळा बोललेला शब्द, आता तो बोलताना कळतसुद्धा नसेल.

५

सतरा तारखेला दुपारी लॉजवालीने मोबाइलवर फोटो पाठवले. खोलीचा एक, धक्क्याचा एक, व्हरांड्याचा एक. आहेबाईने डबा बाजूला सारून ते बघायला घेतले. शेजारी रेडिओ बसली होती, ती मान लांब करून बघू लागली.

“काय गं पाणी ते! काचच जणू. आणि ही बघ, तुझी शाल.”

व्हरांड्यात वेताची खुर्ची होती, पाण्याकडे तोंड, कॅमेऱ्याकडे पाठ. पुढे बुटकं स्टूल. खुर्चीच्या पाठीवर हिरवी शाल टाकलेली होती.

“माझी कशी असेल? माझी माझ्या अंगावर आहे,” आहेबाई म्हणाली. तळघर थंड, ती शाल रोज आणायची.

“तेच म्हणते, तसलीच. हिरव्या शाली काय ढिगाने मिळतात,” असं म्हणून रेडिओ ताट धुवायला गेली.

ती गेल्यावर आहेबाईने दोन बोटांनी फोटो मोठा केला. शालीचा एक कोपरा खाली लोंबत होता. कोपऱ्यावर रफू होतं. दोन वर्षांपूर्वी तिची शाल ट्रॉलीत अडकून फाटली, तेव्हा तिने टाके घालायचा उरलासुरला काळा रेशमी दोरा घेऊन ती तिथल्या तिथे शिवली होती. एका सर्जनने गंमत म्हणून शिकवलेल्या गाठी मारून. एकूण सात गाठी. तिने फोटोतल्या मोजल्या. मग अंगावरच्या शालीचा कोपरा ओढून त्या मोजल्या. मग पुन्हा फोटोतल्या.

खुर्चीत कुणी बसलंय का ते कळत नव्हतं, पाठ उंच होती. पण स्टुलावर काहीतरी होतं. टाचा असाव्यात. किंवा दोन शंख.

तिने फोन पालथा ठेवला. नियम आहे ना, तिने मनाशी म्हटलं. कार्ड बघितलं की ट्रेमध्ये नसलेलं दिसतं. मी त्या खुर्चीचा एवढा ध्यास घेतलाय की आता ती मला कशीही दिसेल. हे खरं असेलच. पण रेडिओला शाल आधी दिसली होती, आणि रेडिओला कसलाच ध्यास नव्हता.

६

अठरा तारखेला बस चारची होती. नणंदेने सकाळी कळवलं होतं की गुडघा उतरला आहे, तीनपर्यंत पोचते. आहेबाईचा त्यावर विश्वास बसेना, पण न बसून करते काय? दुपारी अडीचला तिने पलंगावर बॅग उघडी ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली.

सामान बांधायची त्यांची रीत विभागातलीच होती. लग्नानंतर महिन्याभरात तिने त्याला ती लावली होती, आणि मीटर-रीडरला वाचायला काय शिकवायचं? यादी तिने आदल्या दिवशी लिहून बाहेरच्या टेबलावर ठेवली होती. तो बाहेर बसून वाचणार, ती आत बॅगेपाशी. तिने यादी बघायची नाही, त्याने बॅग बघायची नाही.

“टॉवेल, दोन,” बाहेरून आवाज आला.

“आहे.”

“औषधाची पिशवी, एक.”

“आहे.”

“पर्स मोबाइलसकट, एक.”

“आहे.”

“हिरवी शाल, एक.”

तिने शाल बॅगेत दाबून बसवली. “आहे.” शालीला दमट वास येत होता, खारट. पावडर सांडली असेल, घाम असेल. तिने नाक मुरडलं आणि वरून कपडे ठेवले.

“माणसं, दोन.”

तिला हसू आलं. “हे काय नवीन?”

“मला काय विचारतेस? तूच लिहिलंयस.”

“मी कशाला लिहू असलं?”

“तुझंच अक्षर आहे. बोल ना, खूण करायची राहिली आहे.”

ती उठून बघणार होती. पण नियम हाडात मुरलेला, मोजताना मोजणारीने यादीकडे जायचं नाही. बाहेर एक माणूस, आत एक. दोन झाले की.

“आहे,” ती म्हणाली.

“झालं. लाव टेप,” तो म्हणाला. विभागातून आणलेल्या टेपचा तुकडा तिने चेनवर चिकटवला. बाहेर तो पुढे वाचायला लागला, “आणि खाली शिल्लक...”

“आहेस का गं?” मागच्या खोलीतून हाक आली, नेहमीपेक्षा घाबरी. ती तशीच उठून आत गेली.

अंथरूण ओलं झालं होतं. सासूबाई ओशाळून डोळे मिटून पडल्या होत्या. “असू दे हो आई,” ती म्हणाली, “निघायच्या आधी झालं ते बरंच झालं.” तिने कोरडी चादर घेतली आणि त्यांना भिंतीच्या बाजूच्या कुशीवर घेतलं. एक हात खांद्यावर, एक कमरेवर, गुडघा पलंगाला टेकवलेला. दाराकडे तिची पाठ होती.

बाहेर नवऱ्याचा मोबाइल वाजला. तो काही वेळ हं हं करत राहिला. मग त्याचा पडलेला आवाज आला. “ताई येत नाहीये. गुडघा.”

आहेबाईचे हात सासूबाईंच्या अंगावर तसेच थिजले. संपलं, तिला वाटलं. खुर्ची गेली, पाणी गेलं, सगळं गेलं.

“असू दे,” बाहेरच्या खोलीत एक बाई म्हणाली. “आईंपाशी ती आहे ना.”

आवाज तिचा होता. फक्त झोप पूर्ण झालेला.

“हो, ते आहेच म्हणा,” नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, सुटका होती. “चल मग. टॅक्सी आली खाली.”

“अहो!” ती ओरडली.

त्या ओरडण्याने सासूबाई दचकल्या, अंग झटकलं गेलं आणि त्या फटीकडे घसरल्या. तिने दोन्ही हातांनी त्यांना कवळून धरलं. मोडलेल्या कठड्याचा खिळा तिच्या मनगटात रुतला. “अहो! थांबा! मी इथे आहे!” बाहेर बॅगेची चाकं फरशीवरून गेली, चपला घातल्याचा आवाज झाला, कडी निघाली, दार लागलं. ती हात सोडू शकत नव्हती. त्या दोन मिनिटांत एकदाही तिच्या मनात हात सोडावा असं आलं नाही, हे नंतर तिला फार वेळ आठवत राहिलं.

सासूबाईंना सरळ करून, उशी लावून ती बाहेर धावली ती थेट खिडकीपाशी. चार मजले खाली टॅक्सी उभी होती. नवरा बॅग डिकीत ठेवत होता आणि हसत होता. मान मागे टाकून, पोट धरून. असा हसलेला तिने त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहिला होता. त्याच्याशेजारी हिरवी शाल घेतलेली एक बाई उभी होती. तिची पाठ ताठ होती, चाल मोकळी होती, कुठेच पोचायची घाई नसलेल्या माणसाची.

बसण्याआधी त्या बाईने गॅस बंद केलाय ना, असं आठवणाऱ्या माणसासारखं सहज वर पाहिलं.

तो चेहरा आहेबाईने नऊ वर्षांत आरशात पाहिला नव्हता. मग टॅक्सीचं दार लागलं.

७

मोबाइल पर्समध्ये होता, पर्स यादीत होती. जिना उतरून धावावं तर टॅक्सी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. शेजारणीचं दार वाजवावं म्हणून ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. काय सांगणार तिला? मी आत्ताच गेले, मला थांबवा?

ती परत आली. घर अगदी शांत होतं, भर दुपारचं, पडद्यातून ऊन आलेलं. टेबलावर यादी पडली होती, तिच्यावर पेन्सिल आडवी. एकवीस वर्षांत मोजून झाल्यावर तिने कार्ड कधी हातात घेतलं नव्हतं. आज घेतलं.

सगळं तिच्याच अक्षरात होतं. टॉवेल दोन, खूण. शाल एक, खूण. माणसं दोन, खूण, जरा दाबून केलेली. आणि कागदाच्या तळाशी, सवयीने हात गेला असेल तसं, एक ओळ.

शिल्लक – एक.

त्यापुढे खूण नव्हती. ते वाचायचं राहून गेलं होतं, आणि कुणी उत्तर दिलं नव्हतं. ती कागद धरून उभी राहिली. मनगटातून थोडं रक्त येत होतं. तिला खूप राग यायला हवा होता, पण आधी थकवा आला, पायापासून वर चढत गेला. एवढा की बसावंसं वाटलं, आणि घरात वेताची खुर्ची नव्हती.

“गेली का ती?” मागच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं.

तिने कागद टेबलावर ठेवला.

मग नेहमीची हाक आली, एका बाजूने घरंगळत, जराशी भ्यालेली. “आहेस का गं?”

नाही म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. गप्प बसावं, एवढं तरी जमायला हवं होतं.

“आहे,” ती म्हणाली, आणि पेन्सिल उचलून तिने खूण केली.